हिंसक गुन्ह्यातल्या पीडिताला सरकारी भरपाई: अर्ज कुठे, कधी आणि कसा करायचा

आरोपी सापडला नाही, खटला उभाच राहिला नाही किंवा बऱ्याच वर्षांनी आरोपी निर्दोष सुटला, तरीही पीडिताला राज्य सरकारकडून भरपाई मिळू शकते. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. "आधी केसचा निकाल लागू दे, मग पैशांचं बघू" असं पोलीस ठाण्यात सांगतात, नातेवाईक सांगतात, कधी वकीलही सांगतात. त्यावर विश्वास ठेवून घरं तीन-तीन वर्षं गप्प बसतात आणि मुदत निघून जाते.

हे पैसे आरोपीच्या खिशातले नसतात. तुमचं रक्षण करण्यात राज्य कमी पडलं, म्हणून पुन्हा उभं राहायला राज्य हातभार लावतं, असा यामागचा विचार आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेत त्यासाठी कलम ३५७ अ घालण्यात आलं आणि ते ३१ डिसेंबर २००९ पासून लागू झालं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्यात हीच तरतूद कलम ३९६ मध्ये आहे. जुन्या घटनेचे कागद असतील तर त्यावर ३५७ अ दिसेल, नव्यांवर ३९६. दोन्ही ठिकाणी हक्क तोच.

आपण कोणत्या योजनेत बसतो

महाराष्ट्रात तीन दारं आहेत. कुठल्या दाराने जायचं हे अर्ज लिहिण्याआधी ठरवा.

पहिलं दार मनोधैर्य योजनेचं. बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार आणि ॲसिडहल्ला यांसाठी महिला व बालविकास विभागाने ती २ ऑक्टोबर २०१३ पासून लागू केली. सुरुवातीला निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालचं मंडळ घ्यायचं. २०१७ मध्ये योजना सुधारली, कमाल रक्कम १० लाखांपर्यंत गेली आणि काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हा न्यायालयातल्या मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे आलं.

दुसरं दार राज्याच्या २०१४ च्या पीडित नुकसानभरपाई योजनेचं. खून, खुनाचा प्रयत्न, हातपाय तुटेल अशी मारहाण अशा गुन्ह्यांत पुरुष पीडितांना आणि मृताच्या वारसांना इथून मागता येतं. तिच्या रकमांचा तक्ता वेगळा आहे. सध्या लागू असलेला तक्ता प्राधिकरणाच्या कार्यालयातून मागून घ्या आणि समोर ठेवूनच अर्ज लिहा.

तिसरं दार महिला पीडितांसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने आखलेल्या २०१८ च्या योजनेचं. सर्वोच्च न्यायालयाने ती ११ मे २०१८ रोजी मान्य केली आणि राज्यांनी यापेक्षा कमी देऊ नये, हवं तर जास्त द्यावं, असं ठरलं. त्यामुळे अर्जदार स्त्री असेल तर हा तक्ता तुमच्या मागणीचा पाया आहे. त्यात मृत्यूसाठी ५ ते १० लाख, सामूहिक बलात्कारासाठी ५ ते १० लाख, बलात्कारासाठी ४ ते ७ लाख, बलात्कारातून गर्भधारणा झाल्यास ३ ते ४ लाख आहेत. ॲसिडने चेहरा विद्रूप झाला असेल तर ७ ते ८ लाख. भाजण्याचं प्रमाण ५० टक्क्यांहून जास्त असेल तर ५ ते ८ लाख. ८० टक्के किंवा त्याहून जास्त कायमचं अपंगत्व आलं तर २ ते ५ लाख. पुनर्वसनाची गरज पडेल अशा गंभीर शारीरिक किंवा मानसिक इजेला १ ते २ लाख. पीडिता अल्पवयीन असेल तर रक्कम दीडपट. मानसिक इजेचा हा रकाना लोक सर्रास विसरतात. अंगावर जखम दिसत नाही म्हणून मागणीच करत नाहीत. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात उपचार सुरू असतील तर तो केसपेपर पुराव्याइतकाच मोलाचा आहे.

एकाच घटनेसाठी दोन योजनांतून दोनदा रक्कम मिळत नाही. पण अर्जात "मला लागू होणाऱ्या योजनांपैकी जास्त लाभाची योजना लागू करावी" असं वाक्य घालायला कुणाची आडकाठी नाही, आणि ते घालावंच.

पीडित अनुसूचित जाती-जमातीचा असेल आणि ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा दाखल असेल तर आणखी एक वाट आहे. २०१६ च्या सुधारित नियमांनुसार गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे ८५ हजारांपासून ८ लाख २५ हजारांपर्यंत अर्थसाहाय्य मिळतं. खुनाच्या प्रकरणात निम्मी रक्कम शवविच्छेदनानंतर आणि निम्मी दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर. शिवाय विधवेला किंवा अवलंबितांना दरमहा ५,००० रुपये मूळ निवृत्तिवेतन आणि त्यावर महागाई भत्ता. हे काम समाजकल्याण विभागाच्या सहायक आयुक्तांकडे असतं, विधी सेवेकडे नाही. तिथे स्वतंत्र अर्ज करा आणि विधी सेवेच्या अर्जात त्याचा उल्लेख करा.

पहिले दोन दिवस: दवाखाना आणि पोलीस ठाणं

भरपाईचा अर्ज पुढे ज्या कागदांवर उभा राहतो ते याच दोन दिवसांत तयार होतात.

बलात्कार, ॲसिडहल्ला आणि बाललैंगिक अत्याचार यांतल्या पीडितांवर कुठल्याही दवाखान्याने, मग तो सरकारी असो की खाजगी, लगेच आणि मोफत उपचार केले पाहिजेत. हे नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९७ सांगतं. उपचार नाकारणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. "आधी डिपॉझिट भरा" असं काउंटरवर म्हटलं तर हे दोन आकडे शांतपणे सांगा, ३९७ आणि २००. इतर हल्ल्यांच्या प्रकरणांत पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचं किंवा त्या भागातल्या दंडाधिकाऱ्याचं प्रमाणपत्र घेतलं की विधी सेवा प्राधिकरण मोफत प्रथमोपचार व वैद्यकीय मदतीचा आदेश देऊ शकतं.

डॉक्टरांना घटना जशी घडली तशीच सांगा. यावर मी मुद्दाम थांबतो, कारण सर्वांत जास्त दावे इथे अडकतात. नवऱ्याने पेटवलेली बाई तालुक्याच्या दवाखान्यात येते. सोबत सासू असते. डॉक्टर विचारतात, कसं झालं? उत्तर सासू देते, "स्टोव्हचा भडका उडाला." केसपेपरवर तेच उतरतं. पुढे माहेरची माणसं येतात, बाई बोलती होते, गुन्हा दाखल होतो. पण भरपाईच्या चौकशीत पहिला कागद अपघाताचा निघतो. असं झालं असेल तर घाबरून सोडून देऊ नका. पोलिसांकडे पुरवणी जबाब नोंदवा. पहिली माहिती कुणी दिली, त्या वेळी कोण हजर होतं, भीती कशाची होती, हे सगळं त्यात येऊ द्या. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही सांगा म्हणजे पुढच्या नोंदीत ते येईल. मग दोन्ही कागद अर्जाला जोडा. विसंगती लपवली की संशय वाढतो. कारणासह मांडली की चौकशी करणाऱ्याला ती समजते.

एफआयआर कोणत्याही ठाण्यात देता येतो, हद्दीचा प्रश्न नंतर. त्याची प्रत मोफत मिळते आणि मागणं हा तुमचा हक्क आहे. प्रतीवर गुन्हा रजिस्टर क्रमांक, कलमं आणि पीडिताचं नाव बरोबर आहे का ते तिथेच वाचा. आधारवर "सुनिता" आणि एफआयआरमध्ये "सुनंदा" असेल तर पुढे बँकेत आणि प्राधिकरणात दोन्हीकडे तुम्हाला शपथपत्र करत बसावं लागेल.

ठाण्यात गुन्हा नोंदवून घेतच नाहीत, अशी वेळ आली तर पोलीस अधीक्षकांना टपालाने तक्रार पाठवा आणि न्यायालयात खाजगी फिर्याद दाखल करा. २०१८ च्या योजनेत एफआयआर नसेल तर फौजदारी फिर्यादीची प्रतही चालते.

कागदांची फाईल

एक साधी फाईल घ्या, प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स काढा, मूळ प्रत कुणाच्याही हाती देऊ नका. लागणारे कागद असे: एफआयआर किंवा फिर्यादीची प्रत, जखम प्रमाणपत्र, डिस्चार्ज कार्ड, औषधांची आणि गाडीभाड्याची बिलं, आधार, रहिवासाचा पुरावा, बँक पासबुकाचं पहिलं पान. मृत्यू झाला असेल तर मृत्यूचा दाखला, शवविच्छेदन अहवाल आणि अवलंबितांचा पुरावा, म्हणजे रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले, गरज पडल्यास तहसीलदारांचा दाखला. कायमचं अपंगत्व आलं असेल तर जिल्हा रुग्णालयाचं टक्केवारीचं प्रमाणपत्र. ३९ टक्के आणि ४० टक्के यांच्यात रकमेचा टप्पाच बदलतो, म्हणून जखम पूर्ण भरल्यावर तपासणी पुन्हा करून घ्यावी लागली तरी घ्या.

बँक खातं पीडिताच्या एकट्याच्या नावावर असू द्या. आरोपी घरातलाच असेल आणि खातं त्याच्यासोबत जोडखातं असेल तर आलेली रक्कम तोच काढू शकतो. शून्य शिलकीचं जनधन खातं चालतं. जुन्या खात्याला आरोपीचा मोबाईल नंबर जोडलेला असेल तर आधी तो बदला.

अर्ज

अर्ज द्यायचा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना. हे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. सचिव स्वतः न्यायाधीश असतात आणि अध्यक्ष प्रमुख जिल्हा न्यायाधीश. तालुक्याच्या न्यायालयातल्या विधी सेवा समितीतूनही मदत मिळते. छापील नमुना असेल तर तो भरा, नसेल तर साध्या कागदावर लिहा. वकील लागत नाही. फी लागत नाही. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. तो मागायचा असेल तर त्याच अर्जात मागा. भरपाई मिळवून देतो म्हणून टक्केवारी मागणारा कुणी भेटला तर त्याला एक रुपया देऊ नका आणि त्याच्या बोलण्याची गोष्ट सचिवांच्या कानावर घाला.

अर्जाचा गाभा असा असू द्या:

"मी, वरील गुन्ह्यातील पीडित, दि. ___ रोजी माझ्यावर झालेल्या हल्ल्यात माझ्या उजव्या हाताची तीन बोटे निकामी झाली आहेत. मी विणकामावर उदरनिर्वाह करत होते. ते काम आता मला करता येत नाही. उपचारावर आजपर्यंत ___ रुपये खर्च झाला असून पुढील शस्त्रक्रिया बाकी आहे. घरात दोन शाळकरी मुले माझ्यावर अवलंबून आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ नुसार मला भरपाई मंजूर करावी आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत अंतरिम रक्कम तातडीने द्यावी. या घटनेबाबत मी अन्य कोणत्याही योजनेतून रक्कम घेतलेली नाही."

यात घटनेचं वर्णन एका ओळीत आहे आणि परिणाम चार ओळींत. असंच हवं. घटना एफआयआरमध्ये आहेच. किती गेलं आणि काय थांबलं, हे फक्त तुम्हीच सांगू शकता: हातमागावरचं काम सुटलं, मुलीची शाळा बंद पडली, भाड्याचं घर सोडावं लागलं. अन्य योजनेतून काही घेतलं असेल तर शेवटचं वाक्य बदला आणि रक्कम स्पष्ट लिहा.

दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का घेऊन ती परत आणा. "ठेवून जा, नंतर बघू" असं म्हटलं तरी पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. पुढचा प्रत्येक पाठपुरावा त्या आवक क्रमांकावर चालतो. लांबून येणाऱ्यांनी अर्ज पोच-पावतीसह टपालाने पाठवला तरी चालतो.

मुदतीचं म्हणाल तर २०१८ च्या योजनेत घटनेपासून किंवा खटला संपल्यापासून तीन वर्षं मिळतात. तरी मी पहिल्या पंधरवड्यातच अर्ज करा असं सांगेन. कागद ताजे असतात, तपास अधिकारी बदललेला नसतो, आणि अंतरिम मदतीची खरी गरज तेव्हाच असते.

अंतरिम रक्कम वेगळी मागा

बहुतेक अर्जांत ही मागणी नसते, म्हणून ती मिळतही नाही. २०१८ च्या योजनेनुसार अंतरिम रक्कम त्या गुन्ह्याच्या कमाल भरपाईच्या २५ टक्क्यांपेक्षा कमी नसावी आणि ती पूर्णच्या पूर्ण पीडिताच्या हाती पडावी. ॲसिडहल्ल्यात घटना प्राधिकरणाच्या लक्षात आल्यापासून १५ दिवसांत १ लाख आणि त्यानंतर दोन महिन्यांत आणखी २ लाख मिळाले पाहिजेत. त्याखेरीज पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीतून १ लाखाची जादा मदत ॲसिडहल्ल्यातल्या पीडितांसाठी आहे.

पीडित बालक असेल तर पोक्सोच्या, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याखालच्या विशेष न्यायालयाकडे थेट जाता येतं. २०२० च्या पोक्सो नियमांतल्या नियम ९ नुसार न्यायालय अर्जावरून किंवा स्वतःहून अंतरिम भरपाई देऊ शकतं आणि आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत ती द्यायची असते. अन्न, कपडे, प्रवास यांसाठीची तातडीची मदत बालकल्याण समितीच्या शिफारशीवर आठवडाभरात मिळायला हवी. तिची शाळेची बस, तिचे कपडे, आईची बुडालेली रोजंदारी, सगळं या मागणीत बसतं.

चौकशी आणि पैसे

अर्ज गेल्यावर प्राधिकरण पोलिसांकडून आणि दवाखान्यातून अहवाल मागवतं. कायद्याने चौकशी दोन महिन्यांत संपवायची आहे. वास्तवात उशीर बहुतेकदा ठाण्याच्या अहवालाने होतो. म्हणून महिनाभराने ठाण्यात जाऊन अहवाल कोणत्या जावक क्रमांकाने गेला ते विचारा. गेला नसेल तर प्राधिकरणाला लेखी कळवा. दोन महिने उलटले की आवक क्रमांक घालून एक स्मरणपत्र द्या.

मंजुरी झाली की २०१८ च्या योजनेत २५ टक्के रक्कम खर्चासाठी हाती येते आणि ७५ टक्के किमान तीन वर्षांच्या मुदत ठेवीत जाते. अल्पवयीन असेल तर ८० टक्के ठेवीत, ती सज्ञान झाल्यावर आणि तीन वर्षं पूर्ण झाल्यावरच निघते. शिक्षण, शस्त्रक्रिया अशा निकडीच्या गरजेला प्राधिकरण आधीही काढू देतं. त्यासाठी फीची पावती किंवा डॉक्टरांचं खर्चाचं पत्रक जोडून अर्ज करा. ठेवीची मूळ पावती नातेवाइकाकडे ठेवायला देऊ नका.

रक्कम फारच कमी वाटली किंवा अर्ज फेटाळला गेला तर ३० दिवसांत राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे अपील करता येतं. त्याचं कार्यालय मुंबईत आहे. आदेशाची प्रत हाती येताच तिच्यावर तारीख लिहून ठेवा. तिथेही न्याय मिळाला नाही तर उच्च न्यायालयात रिट याचिका. त्यासाठी सगळ्यांना मुंबई गाठावी लागत नाही. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला खंडपीठं आहेत आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंचही सुरू झालं आहे.

खटला चालू असताना

साक्षीच्या वेळी आरोपीचा वकील विचारतो, "सरकारकडून पैसे मिळावेत म्हणूनच ही केस केली ना?" हा प्रश्न येणार हे धरून चाला. त्या क्षणी बाई गोंधळते, "मी पैसे घेतलेच नाहीत" असं म्हणून जाते, आणि मग मंजुरीचा आदेश पुढे करून तिला खोटं ठरवलं जातं. खरं तेच सांगा: हो, अर्ज केला, कायद्याने दिलेला हक्क आहे, रक्कम अमुक मिळाली. त्यात लाजण्यासारखं काही नाही. सरकारी वकिलांना ही गोष्ट साक्षीआधीच सांगून ठेवा.

भरपाई घेतली म्हणजे तडजोड झाली, असंही गावात पसरवतात. या रकमेचा आरोपीशी समेट होण्याशी काडीचा संबंध नाही. उलट आरोपीकडची माणसं पैसे घेऊन केस मागे घ्यायला लावत असतील तर ती साक्षीदारावर दबाव आणण्याची बाब आहे, आणि पोलिसांना सांगायची आहे.

निकालाच्या दिवशी आणखी एक संधी असते. सत्र न्यायालयाला आरोपीच्या दंडातून मिळणारी रक्कम अपुरी वाटली, किंवा आरोपी सुटला पण पीडिताचं पुनर्वसन व्हायला हवं असं वाटलं, तर न्यायालय प्राधिकरणाकडे भरपाईची शिफारस करतं. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बजावलं होतं की प्रत्येक फौजदारी प्रकरणात न्यायालयाने भरपाईच्या प्रश्नाचा विचार केलाच पाहिजे. ४ नोव्हेंबर २०२४ रोजी, पुन्हा महाराष्ट्रातल्याच प्रकरणात, स्त्रिया आणि अल्पवयीनांना झालेल्या शारीरिक इजेच्या खटल्यांचा निकाल देताना सत्र न्यायालयांनी भरपाईचा आदेश द्यावा असं सांगितलं. तरीही निकालपत्रात हा परिच्छेद राहून जातो. युक्तिवादाच्या आधी सरकारी वकिलांच्या हातात एक पानी लेखी विनंती द्या.

आरोपी कोण हेच कळलं नाही, अंधारात वार करून पळाला, तर खटल्याची वाट पाहण्याचा प्रश्नच नाही. कलम ३९६ मध्ये त्यासाठी थेट अर्जाची सोय आहे.

एक काळजी सगळ्यांनी घ्या. बलात्कार आणि पोक्सोच्या प्रकरणांत पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे. मदत मागण्याच्या घाईत एफआयआरचा फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला जातो. भरपाईच्या फाईलमधला एकही कागद मोबाईलवरून फिरवू नका.

घटना दुसऱ्या राज्यात घडली तर

भरपाई घटना जिथे घडली त्या राज्याकडून मिळते, पीडित राहतो त्या राज्याकडून नाही. बीडचं ऊसतोड जोडपं बेळगावच्या कारखान्यावर गेलं आणि फडात बाईवर हल्ला झाला, तर अर्ज कर्नाटकच्या योजनेखाली, बेळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो. सुरतेला यंत्रमागावर काम करणाऱ्या खानदेशी मजुराचा अर्ज गुजरातकडे. गोव्यात घटना घडली तर तिथली स्वतंत्र योजना लागते. हंगाम संपून टोळी गावी परतली की लोक हा हक्क सोडून देतात. तसं करू नका. निघण्याआधी एफआयआरची प्रत आणि दवाखान्याचे कागद हाती घ्या. नंतर आपल्या तालुक्याच्या विधी सेवा समितीत जाऊन तिकडच्या प्राधिकरणाशी पत्रव्यवहार करायला मदत मागा. कुठल्या राज्यात कुणाला विचारायचं हे कळत नसेल तर विधी सेवेचा देशभराचा क्रमांक १५१०० आहे. स्त्रियांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि त्या क्षणी जिवाला धोका असेल तर ११२.